वेब सेवांमधील वितरित व्यवहार : समन्वयाची रीत आणि तिच्या मर्यादा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एखादे गिऱ्हाईक केळीवालीच्या पाटीला टेकवून ठेवलेला क्यूआर कोड मोबाइलने टिपते आणि २४० रुपये भरते. रक्कम खात्यातून वजा झाल्याचा बँकेचा संदेश त्याला लगेच येतो. विक्रेतीचा साउंडबॉक्स मात्र मुकाच राहतो. गिऱ्हाईक मोबाइलचा पडदा पुढे करते, विक्रेती मान हलवते. दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नसते. असा प्रसंग अनुभवला नाही असा मोबाइलधारक आज सापडणे कठीण. पैसा त्या क्षणी नेमका कोठे असतो, हा प्रश्न वरवर बँकेचा वाटला तरी त्याचे मूळ संगणकशास्त्रातील एका जुन्या कोड्यात आहे. एकच काम जेव्हा परस्परांपासून स्वतंत्र असलेल्या अनेक यंत्रणांनी मिळून पार पाडायचे असते, तेव्हा ते पूर्ण झाले किंवा मुळीच झाले नाही, अशी दोनच टोके कशी राखायची, हे ते कोडे होय.

एकाच डेटाबेसपुरता हा प्रश्न फार पूर्वी सुटला. एका खात्यातून रक्कम वजा करणे आणि दुसऱ्यात जमा करणे या दोन क्रिया मिळून एक ‘व्यवहार’ मानायचा. मध्येच वीज गेली, तर डेटाबेस आपल्या नोंदवहीवरून, म्हणजे लॉगवरून, अर्धवट काम पुसून टाकतो. ही संकल्पना घडवण्यात अमेरिकी शास्त्रज्ञ जिम ग्रे यांचा वाटा सर्वांत मोठा. १९९८ सालचा ट्युरिंग पुरस्कार त्यांना त्याच कार्यासाठी मिळाला. व्यवहाराच्या अंगी असावयाचे चार गुण, म्हणजे अविभाज्यता, सुसंगती, विलगता आणि टिकाऊपणा, यांना ‘अॅसिड’ हे आद्याक्षरी नाव थिओ हेर्डर आणि आंद्रेआस रॉयटर यांनी १९८३ मध्ये दिले आणि तेच रूढ झाले.

दोन्ही खाती वेगवेगळ्या बँकांत, वेगवेगळ्या सर्व्हरवर असली की या सुरक्षिततेचा पाया सरकतो. अडचण बिघाडाची नसते. बिघाड कळला तर त्यावर उपाय करता येतो. अडचण मौनाची असते. एका सेवेने दुसरीला ‘रक्कम जमा करा’ असे सांगितले आणि उत्तर आले नाही, तर त्याचे अर्थ अनेक होतात. निरोप पोहोचलाच नसेल. पोहोचला असेल, पण काम होण्यापूर्वी पलीकडचे यंत्र बंद पडले असेल. किंवा काम चोख झाले असेल आणि केवळ पोचपावती वाटेत हरवली असेल. पाठवणाऱ्याच्या बाजूने पाहता या तिन्ही शक्यता तंतोतंत सारख्या दिसतात. या पेचाचे शुद्ध रूप १९७५ मध्ये प्रथम मांडले गेले आणि ग्रे यांनी त्याला दोन सेनापतींच्या कोड्याचे रूप दिले. दोन टेकड्यांवर दोन मित्रसैन्ये आहेत, मधल्या दरीत शत्रू आहे आणि निरोप्या त्या दरीतूनच जाणार आहे. निरोप पोहोचल्याची पावती, त्या पावतीची पावती, अशी कितीही फेऱ्यांची देवाणघेवाण केली, तरी एकाच वेळी हल्ला करण्याविषयी दोघांची निःशंक खात्री पटणे अशक्य आहे, कारण शेवटचा निरोप पोहोचला की नाही हे तो पाठवणाऱ्याला कधीच ठाऊक नसते. निरोप्या कितीही शूर असला तरी गणित बदलत नाही.

या अनिश्चिततेला दिलेले पहिले व्यवस्थित उत्तर म्हणजे ‘टू-फेज कमिट’, अर्थात दोन टप्प्यांची निश्चिती. ग्रे यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपणांतून ही रीत सर्वत्र पोहोचली. तीत एक समन्वयक असतो आणि बाकीचे सहभागी. पहिल्या टप्प्यात समन्वयक प्रत्येकाला विचारतो : तयार आहात काय? सहभागी आपले काम करून पाहतो, ते पक्के करण्यासाठी आणि रद्द करण्यासाठीही लागणारी सर्व माहिती कायमस्वरूपी लॉगमध्ये लिहितो, संबंधित नोंदींना कुलूप घालतो आणि मगच होकार कळवतो. हा होकार म्हणजे वचन असते. तो दिल्यानंतर सहभाग्याला स्वतःहून माघार घेण्याचा अधिकार उरत नाही. सर्वांचे होकार आले की समन्वयक ‘पक्के’ असा निर्णय स्वतःच्या लॉगमध्ये लिहितो, आणि व्यवहार खऱ्या अर्थाने घडतो तो याच क्षणी. त्यानंतरचा दुसरा टप्पा केवळ निर्णय कळवण्याचा. एकाचाही नकार आला, अथवा ठरलेल्या वेळेत उत्तर आले नाही, तर सर्वांना रद्द करण्याचा निरोप जातो. आयआयटी मद्रासचे माजी विद्यार्थी सी. मोहन यांनी ब्रूस लिंडसे आणि रॉन ओबरमार्क यांच्यासह १९८६ मध्ये या रीतीत एक चतुर सुधारणा मांडली. समन्वयकाकडे एखाद्या व्यवहाराची नोंदच सापडत नसेल, तर तो रद्द झाला असे गृहीत धरायचे. त्यामुळे रद्द व्यवहारांसाठी करावे लागणारे लेखन आणि निरोप पुष्कळ वाचले.

रीत देखणी आहे, पण तिच्यात एक खिंड आहे. सहभाग्याने होकार दिला आणि समन्वयकाचा निर्णय येण्यापूर्वीच समन्वयक बंद पडला, तर सहभागी अधांतरी लटकतो. पुढे जावे तर इतर कोणी नकार दिलेला असू शकेल. मागे यावे तर समन्वयकाने ‘पक्के’ लिहून काहींना कळवलेलेही असू शकेल. समन्वयक परत येईपर्यंत त्याला नुसते थांबावे लागते, आणि घातलेले कुलूप तसेच राहते. ते कुलूप एखाद्या खात्याला असेल, तर खातेदाराला तेवढा काळ स्वतःच्याच पैशाला हात लावता येत नाही. डेल स्कीन यांनी १९८१ मध्ये तिसरा टप्पा वाढवून ही कोंडी फोडण्याचा मार्ग दाखवला. परंतु जाळे दुभंगून दोन गट एकमेकांना दिसेनासे झाले, तर तोही दगा देतो. प्रत्यक्ष वापरात तो फारसा रुजला नाही.

दुसरी अडचण साध्या गुणाकाराची आहे. एखादी सेवा वर्षातील ९९.९ टक्के वेळ चालू असते असे धरले, तर तिचा बंद काळ वर्षाला सुमारे पावणेनऊ तासांचा होतो. अशा पाच स्वतंत्र सेवा एकाच वेळी चालू असल्याशिवाय व्यवहार होणार नसेल, तर एकत्रित उपलब्धता ९९.५ टक्क्यांवर येते आणि बंद काळ जवळपास ४४ तासांवर जातो. म्हणजे ‘सर्व किंवा काहीच नाही’ या हमीची किंमत प्रत्येक सहभागी इतरांच्या आजारपणाच्या रूपाने मोजतो.

एकाच संस्थेच्या भिंतींआड ही किंमत परवडत असे. एक्स/ओपन या संघटनेने १९९१ मध्ये ‘एक्सए’ हे प्रमाण ठरवले आणि निरनिराळ्या कंपन्यांचे डेटाबेस एका समन्वयकाखाली आणणे सुलभ झाले. बँका, विमा कंपन्या यांच्या संगणककेंद्रांत ते वर्षानुवर्षे राबले. पुढे एकविसाव्या शतकाच्या आरंभी वेब सेवा आल्या. एका कंपनीचा प्रोग्राम दुसऱ्या कंपनीच्या प्रोग्रामशी इंटरनेटवरून, एक्सएमएलमध्ये लिहिलेल्या निरोपांनी बोलू लागला, आणि जुनी हमी या नव्या मोकळ्या मैदानातही मिळावी अशी अपेक्षा निर्माण झाली. ओएसिस या प्रमाणसंस्थेतून २००२ मध्ये ‘बिझनेस ट्रान्झॅक्शन प्रोटोकॉल’ पुढे आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि बीईए या कंपन्यांनी आपला वेगळा मसुदा मांडला. त्यातून घडलेली ‘डब्ल्यूएस-कोऑर्डिनेशन’, ‘डब्ल्यूएस-अॅटॉमिक ट्रान्झॅक्शन’ आणि ‘डब्ल्यूएस-बिझनेस अॅक्टिव्हिटी’ ही तीन प्रमाणे ओएसिसने २००७ मध्ये अधिकृत केली.

या त्रयीची मांडणी विचारपूर्वक केलेली होती, हे मान्य करावे लागते. व्यवहार सुरू करणारी सेवा समन्वयकाकडून एक ‘संदर्भ’ मागून घेते. तो संदर्भ पुढच्या प्रत्येक निरोपाच्या शीर्षभागात चिकटवला जातो. ज्या सेवेला तो मिळतो ती समन्वयकाकडे जाऊन आपली नोंदणी करते. एवढे काम पहिल्या प्रमाणाचे. नोंदणी झालेल्यांनी पुढे कोणत्या शिस्तीने वागायचे ते उरलेली दोन ठरवतात. अॅटॉमिक ट्रान्झॅक्शन म्हणजे दोन टप्प्यांची तीच जुनी रीत, वेबच्या पोशाखात. बिझनेस अॅक्टिव्हिटीचा विचार मात्र वेगळा आहे. तीत सहभागी आपले काम लगेच पक्के करून मोकळा होतो, कुलूप धरून बसत नाही. पुढे समन्वयकाने ‘बंद करा’ म्हटले तर प्रकरण संपते आणि ‘भरपाई करा’ म्हटले तर केलेल्या कामाचा परिणाम उलटवणारी दुसरी क्रिया त्याला करावी लागते. प्रमाण लिहिणाऱ्यांनाच दोन वाटा ठेवाव्या लागल्या, यावरून पहिली वाट इंटरनेटवर सर्वत्र चालणार नाही, हे त्यांना उमगलेले होते असे दिसते.

ती फारशी चाललीही नाही, आणि त्याचे मुख्य कारण तांत्रिक नव्हते. कुलूप घालू देणे म्हणजे विश्वास टाकणे. एखाद्या बँकेने आपल्या खातेदाराची नोंद परक्या कंपनीच्या समन्वयकाच्या भरवशावर अडवून का ठेवावी? तो समन्वयक शनिवारी रात्री बंद पडला आणि सोमवारी उठला, तर मधल्या दोन दिवसांचा जाब कोण देणार? पॅट हेलँड यांनी हयातीचा मोठा काळ वितरित व्यवहारांच्या यंत्रणा बांधण्यात घालवला होता. तेच २००७ मध्ये एका निबंधात, स्वतःला धर्मत्यागी म्हणवून, असे मांडते झाले की मोठ्या विस्ताराच्या यंत्रणा बांधणारे लोक वितरित व्यवहारांच्या वाटेला जातच नाहीत. त्यानंतरच्या काळात एक्सएमएलची जागा हलक्या जेसनने घेतली, निरोपांचे ते भारदस्त शीर्षभाग गेले आणि त्यांच्याबरोबर संदर्भ वाहून नेण्याची सर्वमान्य रीतही गेली. समस्या मात्र जागच्या जागी राहिली. किंबहुना ती वाढली, कारण आता एकाच कंपनीचा एकसंध प्रोग्रामही मायक्रोसर्व्हिस नावाच्या लहान लहान सेवांत फोडला जाऊ लागला आणि प्रत्येकीचा डेटाबेस निराळा झाला.

या पिढीने आधार घेतला तो एका जुन्या शोधनिबंधाचा. प्रिन्स्टन विद्यापीठातील हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सेलम यांनी १९८७ मध्ये ‘सागा’ ही कल्पना मांडली होती. गंमत अशी की तिचा जन्म वेबसाठी किंवा वितरित यंत्रणांसाठी झालेला नव्हता. एकाच डेटाबेसमध्ये तासन्‌तास चालणारे व्यवहार इतरांची वाट अडवतात, त्यावरचा तो उपाय होता. लांब व्यवहार छोट्या छोट्या पायऱ्यांत तोडायचा, प्रत्येक पायरी तेथल्या तेथे पक्की करायची आणि प्रत्येक पायरीसोबत तिची भरपाई करणारी क्रिया आधीच लिहून ठेवायची. चौथ्या पायरीवर घोटाळा झाला, तर तिसरी, दुसरी, पहिली अशा उलट क्रमाने भरपाई करीत मागे यायचे.

पेढीवरच्या जुन्या मुनिमाला ही कल्पना नवी वाटली नसती. रोजकीर्दीत चुकीची रक्कम पडली तर ती खोडून काढत नाहीत. त्याच रकमेची उलट नोंद करतात. चूक आणि दुरुस्ती दोन्ही वहीत दिसत राहतात. भरपाईची क्रिया अगदी अशीच असते. ती काळाचे काटे मागे फिरवत नाही, पुढच्या दिशेनेच आणखी एक पाऊल टाकून हिशेब जुळवते. म्हणूनच ती नेहमी पूर्ण भरपाई नसते. इंदूरच्या एखाद्या कुटुंबाने प्रवास-संकेतस्थळावर मोपापर्यंतचे विमान, पणजीतील हॉटेल आणि भाड्याची गाडी अशी एकत्र नोंदणी केली, आणि विमान व हॉटेल पक्के झाल्यावर गाडी मिळत नाही असे कळले, तर संकेतस्थळाने आधीच्या दोन्ही नोंदण्या रद्द करायच्या. पण विमान कंपनी रद्द करण्याचे शुल्क कापून घेते. ते कोणी सोसायचे, हे कोणतेही प्रमाण सांगू शकत नाही. तो करारनाम्याचा विषय आहे. गेलेला एसएमएस तर परत घेताच येत नाही, फार तर क्षमायाचनेचा दुसरा पाठवता येतो. यासाठी कसलेले रचनाकार पायऱ्यांचा क्रम काळजीने लावतात. जे सहज उलटते ते आधी, आणि जे उलटत नाही ते अगदी शेवटी.

सागामध्ये आणखी एक गोष्ट हातची जाते, तिची चर्चा कमी होते. ‘अॅसिड’मधील विलगता उरत नाही. पायरी पक्की होताच तिचा परिणाम जगाला दिसतो. पुढे ती उलटवली जाणार असली तरी मधल्या काळात कोणीतरी तिच्यावर विसंबून आपला निर्णय घेतलेला असतो. हॉटेलची शेवटची खोली त्या कुटुंबाच्या नावे दहा मिनिटे अडकली आणि मग सुटली; त्या दहा मिनिटांत ‘खोली नाही’ असे उत्तर मिळालेला दुसरा प्रवासी केव्हाच अन्यत्र गेलेला असतो. त्याची भरपाई कोणत्याच यादीत नसते.

सागा चालवण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत मध्यवर्ती सूत्रधार प्रत्येक सेवेला आज्ञा देतो आणि कोठवर आलो याची नोंद ठेवतो. दुसरीत सूत्रधार नसतो, एका सेवेने प्रसृत केलेली घटना ऐकून पुढची सेवा आपले काम उचलते. दोन-तीन पायऱ्यांपर्यंत दुसरी पद्धत सुटसुटीत वाटते. पायऱ्या वाढल्या की ‘आत्ता हा व्यवहार कोठे अडकला आहे’ या प्रश्नाचे उत्तर कोणा एकाकडे राहत नाही, आणि पैशाच्या व्यवहारात हे परवडणारे नसते.

पद्धत कोणतीही असो, मौनाचा मूळ प्रश्न सुटत नाही. तो सुसह्य करावा लागतो. उत्तर आले नाही तर तोच निरोप पुन्हा पाठवायचा, हा एकमेव मार्ग. पण पुन्हा पाठवल्याने रक्कम दोनदा जमा होता कामा नये. त्यासाठी प्रत्येक व्यवहाराला आरंभीच एक अनन्य क्रमांक दिला जातो, आणि निरोप घेणारी सेवा तो क्रमांक आधी येऊन गेला आहे काय हे पाहते. येऊन गेला असेल तर काम पुन्हा न करता पूर्वीचेच उत्तर परत देते. विनंती एकदा आली काय किंवा दहादा आली काय, परिणाम एकच, या गुणाला प्रोग्रामर ‘आयडेम्पोटन्सी’ म्हणतात. दुसरी काळजी पाठवणाऱ्याच्या घरची. स्वतःच्या डेटाबेसमध्ये नोंद झाली आणि निरोप पाठवण्यापूर्वीच सर्व्हर कोसळला, तर पुढच्याला कधीच काही कळणार नाही. म्हणून निरोपही त्याच डेटाबेसमधील ‘आउटबॉक्स’ नावाच्या तक्त्यात, मुख्य नोंदीसह एकाच स्थानिक व्यवहारात लिहितात. मग एक स्वतंत्र प्रक्रिया तो तक्ता वाचून निरोप धाडत राहते. ती कधी एकच निरोप दोनदा धाडते, तेथे पुन्हा अनन्य क्रमांकच कामास येतो.

दोन टप्प्यांची रीत यामुळे कालबाह्य झाली असे समजणे चूक ठरेल. २००६ मध्ये ग्रे आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांनी एकट्या समन्वयकाऐवजी परस्परसंमतीने निर्णय घेणारा यंत्रांचा गट कसा ठेवता येईल, ते दाखवले. गूगलच्या ‘स्पॅनर’ या डेटाबेसचे वर्णन २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले; त्यातील प्रत्येक सहभागी हा असाच एक गट आहे, त्यामुळे एखादे यंत्र बंद पडले तरी कुलूप लटकत राहत नाही. पण हे सारे एकाच मालकाच्या छताखाली. दोन बँकांमध्ये असे छत नसते.

म्हापशाच्या बाजारातल्या त्या २४० रुपयांचा मार्ग आता उलगडता येतो. यूपीआय ही २००८ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाची, म्हणजे एनपीसीआयची, २०१६ मध्ये सुरू झालेली यंत्रणा. गिऱ्हाइकाच्या अॅपकडून निघालेली विनंती एनपीसीआयकडे जाते. एनपीसीआय गिऱ्हाइकाच्या बँकेला रक्कम वजा करायला सांगते. ती बँक पिन पडताळून रक्कम वजा करते आणि तसे कळवते. मग विक्रेतीच्या बँकेला जमा करण्याचा निरोप जातो. एखादी लहान सहकारी बँक मोठ्या प्रायोजक बँकेमार्फत जोडलेली असेल, तर साखळीत आणखी एक कडी येते. येथे दोन्ही बँकांची संमती आधी घेऊन दोन्ही खाती कुलूपबंद केली जात नाहीत. वजा ही पहिली पायरी, जमा ही दुसरी. स्वरूप सागाचे आहे. विक्रेतीच्या बँकेने स्पष्ट नकार दिला, तर गिऱ्हाइकाच्या बँकेला उलट नोंद करण्याचा निरोप जातो आणि रक्कम बहुधा लगेच परत येते. खरा पेच तिने काहीच न सांगितल्यास पडतो. जमा झाली असताना उलट नोंद केली तर तेवढी रक्कम शून्यातून निर्माण होईल; झाली नसताना तसेच सोडले तर गिऱ्हाईक नागवले जाईल. म्हणून असा व्यवहार प्रलंबित राहतो आणि पुढे दोन्हीकडच्या नोंदींचा ताळमेळ घालताना, व्यवहाराच्या १२ अंकी संदर्भ क्रमांकावरून, त्याचा निकाल लागतो. तक्रार करताना हा क्रमांक बँक प्रथम मागते ती याचसाठी.

हा ताळमेळ किती काळात व्हावा, हे मात्र तंत्रज्ञांवर सोडलेले नाही. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी परिपत्रक काढून फसलेल्या व्यवहारांसाठी मुदती ठरवल्या; त्या १५ ऑक्टोबर २०१९ पासून लागू झाल्या. यूपीआयने एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेली रक्कम जमा झाली नाही, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ती आपोआप परत गेली पाहिजे. व्यापाऱ्याला केलेल्या भरण्यासाठी, त्याचप्रमाणे एटीएममधून नोटा न येता खात्यातून रक्कम गेल्यास, मुदत पाच दिवसांची आहे. त्यापुढे विलंबाच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात, आणि तेही त्याच्या तक्रारीची वाट न पाहता. दोन सेनापतींच्या कोड्याला गणितात उत्तर नाही. येथे निदान त्या अनिश्चिततेचा दिवसाचा दर ठरला आणि तो भरणारा कोण, तेही ठरले.

विक्रेतीची बाजू यात वेगळी पडते. गिऱ्हाइकाने रोख देऊन केळी नेली, आणि तासाभराने आधीचे प्रलंबित पैसेही तिच्या खात्यात जमा झाले, तर यंत्रणेच्या दृष्टीने काहीच फसलेले नसते. रोखीचा व्यवहार तिला दिसलेलाच नाही. जास्तीचे २४० रुपये परत मिळतात ते पुढच्या शुक्रवारी, दोघांची ओळख असली तर. याउलट मोबाइलच्या पडद्यावर भरवसा ठेवून तिने घड देऊन टाकला आणि पाचव्या दिवशी रक्कम नियमाप्रमाणे गिऱ्हाइकाच्या खात्यात परतली, तर बँकांचे हिशेब पैशापर्यंत जुळलेले असतात. त्या उलट नोंदीत केळ्यांचा घड नसतो.